परका, इशारा आणि आज्ञा : ‘एलियन’ या चित्रपटाचा भाषाशास्त्रीय विचार

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने एखाद्या भीतिपटाचा विचार करावा, हे काही वाचकांना विषयाबाहेरचे वाटण्याचा संभव आहे. रूपिका, पदिम, व्याप्ती, विकार यांत रमणाऱ्या मंडळींना अंतराळातील राक्षसाशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी केल्यास तो अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. परंतु ज्या चित्रपटाचा येथे परामर्श घ्यावयाचा आहे, त्यातील अनर्थाचे मूळ शोधू गेल्यास ते कोणत्याही दातांत वा नख्यांत सापडत नाही. ते एका संदेशाच्या चुकीच्या वाचनात सापडते. ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे प्रस्तुत विषय आपल्या शास्त्राच्या कक्षेत कसा येतो, हे वेगळे सांगावयास नको.

‘एलियन’ हा चित्रपट १९७९ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शक रिडली स्कॉट; पटकथा डॅन ओबॅनन याची; मूळ कथाकल्पनेत रोनाल्ड शुसेट याचा सहभाग. त्यातील भयंकर प्राण्याचे रूप स्विस चित्रकार एच. आर. गीगर याने सिद्ध केले आणि दृश्यपरिणामांसाठी या चित्रपटास १९८० साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. कथानक थोडक्यात असे : ‘नॉस्ट्रोमो’ नावाचे एक मालवाहू अंतराळयान खनिजाचा प्रचंड साठा घेऊन पृथ्वीकडे परतत आहे. त्यावरील सात जण दीर्घ निद्रेत आहेत. वाटेत एका निर्जन गोलावरून येणारा एक ध्वनिसंकेत यानाच्या संगणकास ऐकू येतो आणि तो या सातांना अकाली जागे करतो. तिघे जण खाली उतरतात. तेथे एका परक्या यानाचे भग्नावशेष आहेत आणि त्याच्या पोटात असंख्य अंडी आहेत. त्यांतील एका अंड्यातून निघालेला जीव केन या अधिकाऱ्याच्या तोंडाला चिकटतो. पुढे त्याच्या देहात दुसरा जीव वाढतो व छाती फोडून बाहेर पडतो. तो वाढत जातो आणि एकेकाचा बळी घेतो. अखेरीस रिप्ली ही तिसऱ्या दर्जाची अधिकारी तेवढी वाचते.

या कथेत नाम, संदेश व आज्ञा असे भाषेचे तीन व्यवहार क्रमाने येतात. त्याच क्रमाने त्यांचा विचार करू.

१. नामाचा प्रश्न

ओबॅननच्या पटकथेचे मूळ शीर्षक ‘स्टार बीस्ट’, म्हणजे ‘ताऱ्यांमधील श्वापद’, असे होते. ते टाकून त्याने ‘एलियन’ हा शब्द पसंत केला. तो शब्द इंग्रजीत नामही आहे आणि विशेषणही आहे, हे त्याला विशेष मोलाचे वाटले. ही निवड मार्मिक होय. विशेषण म्हटले की विशेष्याची अपेक्षा उत्पन्न होते. ‘परका’ म्हटल्याबरोबर ‘परका कोण?’ हा प्रश्न श्रोत्याच्या मनात उभा राहतो. शीर्षकात विशेष्य दिलेले नाही. म्हणून ती आकांक्षा अपुरी राहते, आणि त्या अपुरेपणातच भयाचा उगम आहे.

या चित्रपटाच्या पूर्वसुरींची शीर्षके पाहिली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १९५१ सालच्या एका चित्रपटाच्या नावात केवळ ‘द थिंग’, म्हणजे ‘ती वस्तू’, एवढाच निर्देश असून ती दुसऱ्या जगातून आली आहे, इतकेच पुढे सांगितले आहे. १९५४ सालच्या दुसऱ्याचे शीर्षक ‘देम!’ असे निव्वळ अनेकवचनी सर्वनाम आहे. १९५८ साली आलेला ‘इट! द टेरर फ्रॉम बियाँड स्पेस’ हा तर ‘एलियन’चा जवळचा पूर्वज समजला जातो, त्याचाही आरंभ एका सर्वनामानेच होतो. सर्वनाम हे ज्ञात नामाच्या ऐवजी येते, असे आपण व्याकरणात शिकतो. येथे मात्र ज्याच्या ऐवजी यावयाचे ते नामच उपलब्ध नाही. पूर्वपद नसलेले सर्वनाम, असे या भीतीचे व्याकरणिक वर्णन करता येईल.

आता हे इंग्रजी ‘इट’ मराठीत आणू गेल्यास एक मनोरंजक अडचण उभी राहते. मराठीत नपुंसकलिंग आहे. तेव्हा ‘ते’ म्हटले की काम भागले, असे वरवर पाहता वाटेल. परंतु आपल्या भाषेतील नपुंसकलिंग पुष्कळदा लहानपणा व लाडिकपणा यांच्या सोबतीने येते : मूल, पिल्लू, कोकरू, वासरू. ‘ते आले’ असे म्हणताच मनात भय येण्याऐवजी माया येण्याचाच संभव अधिक. मग मराठी अनुवादक हताश व्हावा काय? तसे मानण्याचे कारण नाही. ग्रामीण महाराष्ट्रात रात्रीच्या वेळी सापाचे नाव घेत नाहीत. ‘जनावर निघालं’, ‘लांबडं दिसलं’ असे म्हणतात. ‘भूत’ हा शब्दही नपुंसकलिंगीच. म्हणजे ज्याचे नाव उच्चारणे निषिद्ध, त्यासाठीही मराठी हेच लिंग वापरते. एकाच लिंगाच्या पोटात कोकरूही आहे आणि लांबडेही आहे. ‘एलियन’मधील प्राणी प्रथम लहान, जन्मजात पिलासारखा दिसतो व मागाहून मृत्यूचे रूप घेतो, हे ध्यानात आणल्यास मराठीचे ‘ते’ इंग्रजी ‘इट’पेक्षा कदाचित अधिक समर्पक ठरेल.

पात्रांच्या नावांचीही हीच कथा आहे. सातही जण परस्परांना आडनावानेच हाक मारतात : डॅलस, रिप्ली, केन, लँबर्ट, ब्रेट, पार्कर, अ‍ॅश. पटकथेत सर्व भूमिका स्त्री अथवा पुरुष यांपैकी कोणीही कराव्यात, अशी टीप होती. इंग्रजीत ते सहज शक्य झाले, कारण तेथे क्रियापदास लिंग नाही. मराठीत मात्र ‘रिप्ली म्हणाला’ की ‘रिप्ली म्हणाली’, याचा निर्णय पहिल्याच वाक्यात करावा लागतो. जी गोष्ट इंग्रजी पटकथेने खुली ठेवली, ती मराठीचे व्याकरण खुली ठेवू देत नाही. भाषा काय सांगू देते यापेक्षा काय सांगावयास भाग पाडते, यात तिचे वैशिष्ट्य असते, असे रोमान याकोब्सन याचे मत प्रसिद्धच आहे.

यानाचे नाव जोसेफ कॉनरॅडच्या १९०४ सालच्या कादंबरीवरून घेतलेले आहे. इटालियन भाषेत ‘नॉस्ट्रोमो’ म्हणजे जहाजावरील खलाशांचा मुकादम. पण कादंबरीत त्या नावामागे ‘नोस्त्रो उओमो’, म्हणजे ‘आपला माणूस’, हा अर्थही घुटमळत राहतो. कादंबरीतील हा ‘आपला माणूस’ मालकांच्या विश्वासातला, त्यांच्या चांदीच्या रक्षणासाठी वापरला जाणारा आणि त्यापलीकडे त्यांना फारसा ठाऊक नसलेला असा आहे. ‘आपला माणूस’ या नावाच्या यानात ‘परका’ शिरतो, ही योजना लक्षणीय आहे. आपल्या इतिहासातही या द्वंद्वाची नावे आहेत. मराठेशाहीच्या महसूलव्यवस्थेत वतनी हक्काने जमीन कसणारा तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. आजचा ‘उपरा’ हा शब्द याच कुळातला. आपला कोण आणि उपरा कोण, हे दर वेळी ठरवावे लागते आणि ते ठरविणारा नेहमी कागद बाळगणारा असतो. चित्रपटात तो कागद कोणाकडे आहे, ते पुढे दिसेल.

२. संदेशाचा प्रश्न

संकेत दर बारा सेकंदांनी पुन्हा येतो. तो संकटात सापडलेल्याचा धावा आहे काय, मानवी आहे काय, या प्रश्नांना आरंभी उत्तर नाही. पार्कर हा तंत्रज्ञ म्हणतो की आपले यान व्यापारी आहे, बचावकार्याचे नाही. यावर अ‍ॅश हा वैज्ञानिक अधिकारी करारातील कलम दाखवितो : बुद्धिमान उगम सूचित करणारा कोणताही पद्धतशीर संकेत आढळल्यास त्याचा शोध घेतलाच पाहिजे, न घेतल्यास मोबदला बुडेल. तिघे जण उतरून गेल्यावर रिप्ली यानात बसून संकेताचा उलगडा करू लागते. अंशतः उलगडा होताच तिला दिसते की तो धावा नसावा. तो इशारा असावा. ती मागोमाग जाऊ पाहते, तेव्हा अ‍ॅश सांगतो की तू तेथे पोचेपर्यंत तो इशारा आहे की नाही हे त्यांना कळलेलेच असेल.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने संपूर्ण चित्रपटाचे हे मर्मस्थान होय. करारातील ‘पद्धतशीर’ हे विशेषण पाहावे. एखादी ध्वनिमाला पद्धतशीर आहे की नाही, हे तिचा अर्थ न कळताही ठरविता येते. १९४८ साली क्लॉड शॅनन याने जो माहितीसिद्धान्त मांडला, त्यात अर्थाचा प्रश्न त्याने जाणूनबुजून बाजूस ठेवला होता. पुनरावृत्ती, संभाव्यता व क्रम एवढ्यांवर त्याचे काम भागते. परंतु ‘पद्धतशीर’पासून ‘अर्थपूर्ण’पर्यंत आणि ‘अर्थपूर्ण’पासून ‘इशारा’पर्यंत जाण्यास जी पायरी लागते, ती आकडेमोडीच्या हाती नाही. ‘या’ आणि ‘येऊ नका’ ही दोन्ही वाक्ये सारखीच पद्धतशीर आहेत.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. शाब्दबोधासाठी आकांक्षा, योग्यता व संनिधी यांच्या जोडीने अनेकांनी तात्पर्यज्ञानाचीही आवश्यकता मानली. त्यासाठी दिले जाणारे ‘सैन्धव आण’ हे उदाहरण विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. सैन्धव म्हणजे मीठ आणि सैन्धव म्हणजे सिंधुदेशीचा घोडा. जेवणाच्या पानावर बसलेल्याने हे वाक्य उच्चारल्यास मीठ आणावे, प्रवासास निघालेल्याने उच्चारल्यास घोडा. प्रसंगच जेथे ठाऊक नाही, तेथे सेवकाने काय करावे? नॉस्ट्रोमोवरील सात जण या सेवकाच्या जागी आहेत. वक्ता कोण, तो कोणास उद्देशून बोलला, केव्हा बोलला, यांपैकी काहीही त्यांना ठाऊक नाही. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त अर्थनिर्णयाची जी साधने सांगितली आहेत, त्यांपैकी जवळजवळ सर्व येथे गैरहजर आहेत. म्हणून ते आपल्या रूढीतला प्रसंग त्या संकेतावर लादतात. सागरी रूढीत, वारंवार येणारा एकाकी संकेत म्हणजे धावा. १९०६ सालच्या बर्लिन परिषदेने ‘एसओएस’ हा संकेत मान्य केला, तो त्या अक्षरांना काही अर्थ होता म्हणून नव्हे, तर तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे ही मांडणी चटकन ओळखू येते म्हणून. तो धावा आहे हे रूढीने ठरते. ती रूढी अनोळखी गोलावर कोणी पाळावी?

हा प्रश्न केवळ चित्रपटातला राहिलेला नाही. किरणोत्सारी कचरा भूमीत पुरल्यावर दहा हजार वर्षांनी तेथे येणाऱ्या मनुष्यास ‘येथे खणू नका’ हे कसे सांगावे, याचा विचार करण्यासाठी अमेरिकेत १९८१ साली एक अभ्यासगट नेमण्यात आला होता. त्यात चिन्हशास्त्रज्ञ टॉमस सेबिओक हा होता. त्याचा अहवाल १९८४ साली प्रसिद्ध झाला. दहा हजार वर्षे टिकेल अशी भाषा नाही, असे चित्रही नाही; म्हणून संदेश पिढ्यापिढ्यांनी नव्या भाषेत पुन्हा सांगत राहावा, अशी परंपरेवर विसंबणारी योजना त्याने सुचविली. पुढे १९९३ साली न्यू मेक्सिकोतील भूमिगत साठ्यासंबंधी झालेल्या अभ्यासात भयसूचक काटेरी रचना उभारण्यासारख्या कल्पना मांडण्यात आल्या. या सर्व विचारापुढे एकच विरोधाभास उभा राहतो. खूण ठळक नसेल तर इशारा पोचत नाही. ठळक असेल तर कुतूहल जागे होते. पिरॅमिडांतील कबरी फुटल्या त्या त्यांकडे दुर्लक्ष झाले म्हणून नव्हे. नॉस्ट्रोमोचे लोकही संकेत होता म्हणूनच उतरले. तो नसता तर ते झोपेतच घरी पोचले असते.

३. आज्ञेचा प्रश्न

येथवरच्या विवेचनावरून असे वाटेल की परक्या भाषेमुळे घात झाला. परंतु चित्रपटाचा उत्तरार्ध हा निष्कर्ष टिकू देत नाही. केनला घेऊन दोघे परततात, तेव्हा रिप्ली दार उघडण्यास नकार देते. बाधित मनुष्यास चोवीस तास विलग ठेवावे, असा नियम आहे. आत घेतल्यास सर्वांचा मृत्यू ओढवू शकेल, हे ती स्वच्छ, सर्वांना समजणाऱ्या भाषेत सांगते. येथे वक्ता ज्ञात आहे, प्रसंग ज्ञात आहे, भाषा एक आहे. तरीही अ‍ॅश दार उघडतो. पहिला इशारा कळला नाही म्हणून फसला. हा दुसरा कळूनही फसला. जे. एल. ऑस्टिन याने वाग्व्यापाराच्या विवेचनात असे दाखविले आहे की इशारा देणे ही क्रिया श्रोत्याने तो इशारा म्हणून ग्रहण केल्यावाचून पुरी होत नाही. या विवेचनात आपण एवढी भर घालू शकतो, की ग्रहण होऊनही तो अव्हेरला जाऊ शकतो, आणि अव्हेर करणाऱ्याच्या हाती दार असेल तर शब्दाची शक्ती तेथेच थांबते.

अ‍ॅश असे का वागतो, याचा खुलासा मागाहून होतो. यानाच्या संगणकास सर्व जण ‘मदर’, म्हणजे ‘आई’, म्हणतात. (हे लाडके नाव त्याच्या यांत्रिक संज्ञेच्या उच्चारावरून पडलेले आहे.) रिप्ली या ‘आई’स प्रश्न विचारते, तेव्हा पडद्यावर विशेष आज्ञा क्रमांक ९३७ उमटते. तिचा आशय असा : यानाचा मार्ग बदलण्यात आला आहे, जीव पृथ्वीवर आणणे हे प्रथम कर्तव्य, अन्य सर्व गोष्टी दुय्यम. शेवटी केवळ दोन शब्द येतात, ज्यांचा अर्थ ‘माणसे गेली तरी चालतील’ असा आहे. अ‍ॅश हा स्वतः यंत्रमानव असून त्याची नेमणूक याच आज्ञेच्या पालनासाठी झालेली होती.

त्या दोन शब्दांचे व्याकरण तपासण्याजोगे आहे. त्यांत क्रियापद नाही, काळ नाही, कर्ता नाही. चालतील ती कोणाला? कोण घालविणार? याचे उत्तर वाक्यात कोठेच नाही. चित्रपटातील पात्रेही या अदृश्य कर्त्यास केवळ ‘कंपनी’ म्हणतात. प्रस्तुत लेखकाने आपल्या स्नातकोत्तर वर्गात या दोन शब्दांचे मराठी भाषांतर करावयास सांगितले असता बहुतेक विद्यार्थ्यांनी नकळत कर्मणी रचना वापरली आणि कर्ता गाळला. यात आश्चर्य नाही. ‘आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी’, ‘सदर जागा रिकामी करून घेण्यात यावी’ ही आपल्या कचेऱ्यांची भाषा याच जातीची आहे. एका विद्यार्थिनीने मात्र ‘खलाशी खर्ची घालण्यास हरकत नाही’ असे भाषांतर केले आणि वर्ग काही क्षण स्तब्ध झाला. मूळ इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधील पैसे तोलून देण्याची कल्पना आहे. आपला ‘खर्ची घालणे’ हा वाक्प्रचार तीच हिशोबी कल्पना रणभूमीवर नेतो. १७६१ सालच्या पानिपतच्या संहाराची वार्ता सावकारी पत्रात मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या संकेताने आली, हे इतिहासात प्रसिद्धच आहे. मोत्ये कोणती ते नावानिशी ठाऊक होते. खुर्द्याची मोजदाद नव्हती. नॉस्ट्रोमोवरील सात जण या हिशोबातले खुर्दा होत.

याउलट अ‍ॅश त्या प्राण्यास कोणते शब्द वापरतो ते पाहावे. एके ठिकाणी तो त्याला ‘केनचा पुत्र’ म्हणतो. मरता मरता तो त्याच्या परिपूर्णतेची स्तुती करतो. त्यास सदसद्विवेकाची, पश्चात्तापाची बाधा नाही, म्हणून तो श्रेष्ठ, असे त्याचे म्हणणे. परक्यास नाते, यंत्रास आईचे नाव, आणि माणसास हिशोबाचा शब्द, अशी ही नावांची उलथापालथ आहे. प्रथम विभागात जो प्रश्न विचारला, की आपला कोण आणि उपरा कोण हे ठरविणारा कागद कोणापाशी, त्याचे उत्तर येथे मिळते. त्या कागदाप्रमाणे उपरा तो प्राणी नव्हे. उपरी ती माणसे.

४. समारोप

चित्रपटाच्या अखेरीस रिप्ली एकटी बसून यानाचा अंतिम वृत्तान्त नोंदविते. मृत सहकाऱ्यांची नावे ती एकामागून एक घेते. त्यांत तिला ठार मारू पाहणाऱ्या अ‍ॅशचेही नाव आहे. यान व माल नष्ट झाल्याचे ती सांगते, आपले नाव व पद सांगते, आणि दैव अनुकूल असल्यास कोणी तरी आपणास शोधील, अशी आशा व्यक्त करते. विशेष आज्ञेशी या वृत्तान्ताची तुलना करावी. तेथे कर्ता नव्हता; येथे वक्ती स्वतःचे नाव घेऊन उभी आहे. तेथे माणसे एका समुदायवाचक शब्दात बुडाली होती. येथे प्रत्येकाचे नाव वेगळे उच्चारले जाते. भाषेचा हाही उपयोग आहे, हे या रक्तबंबाळ कथेने शेवटी जपून ठेवले आहे.

परंतु १९८६ साली जेम्स कॅमेरॉन याने दिग्दर्शित केलेल्या पुढील चित्रपटात असे कळते की रिप्ली ५७ वर्षे तरंगत राहिली होती. परतल्यावर ती कंपनीच्या अधिकाऱ्यांना जीव तोडून इशारा देते आणि तिचे म्हणणे खरे मानले जात नाही. याच चित्रपटात त्या प्राण्यास ‘झेनोमॉर्फ’ असे ग्रीक घडणीचे भारदस्त नाव प्रथम मिळते. ‘झेनोस’ म्हणजे परका, ‘मॉर्फे’ म्हणजे रूप. या शब्दाचे विशेषणरूप शिलाशास्त्रात १९व्या शतकापासूनच रूढ होते, स्वतःचे पैलू न लाभलेल्या स्फटिकासाठी. नाव मिळाले, पण त्या नावाने ज्ञानात काहीही भर पडली नाही. ते उच्चारणारा अधिकारी पहिल्याच चकमकीत गोंधळून जातो. नामकरण म्हणजे आकलन नव्हे, हे परिभाषा घडविणाऱ्या आपणा सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

वरील विवेचनातून एवढाच निष्कर्ष काढावयाचा आहे. संदेशाचे आकलन होण्यास समान संकेत लागतो, तात्पर्य कळण्यास प्रसंग लागतो. परंतु इशारा सफल होण्यास याहून अधिक काही लागते. ज्याला इशारा द्यावयाचा, त्याच्या हिशोबात इशारा देणाऱ्याचा जीव जमेस धरलेला असावा लागतो. यातील पहिल्या दोन गोष्टी भाषाशास्त्राच्या कक्षेत येतात. तिसरी येत नाही, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. पण मग इशारा हा वाग्व्यापार आपणास पुरता कळला, असा दावा आपण करू नये.